ट्रॅक्टर सारखा एअर धरतो? डिझेल पंप खोलण्याआधी हे तपासा

नांगर लावलाय, दोन तास झाले, आणि इंजिन हळूहळू झुलायला लागतं. आवाज वर-खाली होतो, मग आचके देत बंद. डिझेलच्या वाटेत शिरलेली हवा, म्हणजे एअर, काढली की लगेच सुरू. पुन्हा अर्ध्या-एक तासाने तेच. जुना ट्रॅक्टर ज्यांच्या दारात आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको.

आमच्या घरी पस्तीस एचपीचा तीन सिलिंडरचा ट्रॅक्टर आहे. आबांनी घेतला तेव्हा मी शाळेत होतो. आज पेरणी, पाळी, उसाची सरी आणि ट्रॉली सगळं तोच करतो. हा एअरचा बिघाड मी त्याच्यावर आणि भावकीतल्या, शेजारच्या ट्रॅक्टरांवर इतक्या वेळा काढलाय की एक गोष्ट आता ठामपणे सांगतो. एअर काढणं ही दुरुस्ती नव्हे. हवा आत शिरली कुठून, ते सापडेपर्यंत ट्रॅक्टर पुन्हा बंद पडणारच. आणि बहुतेक वेळा ती जागा टाकी आणि फीड पंप (टाकीतून डिझेल ओढून पुढे ढकलणारा छोटा पंप) यांच्या मधल्या हातभर अंतरातच असते. खर्च येतो तो एखाद्या वायसरचा (वॉशरचा) नाहीतर नळीचा. लोक मात्र पहिल्याच दणक्यात डिझेल पंप उतरवून कॅलिब्रेशनला, म्हणजे मशीनवर मापं लावून घ्यायला, नेतात. असं करू नका म्हणूनच हे सगळं लिहितोय.

१९५९ साली फरिदाबादला आयशरचा ट्रॅक्टर तयार झाला, साठच्या दशकात मुंबईत इंटरनॅशनलचा बी-२७५ बनू लागला, पुढे सत्तरच्या दशकात एचएमटी आणि स्वराज आले. या पिढ्यांचे आणि त्यांच्यानंतरच्या साध्या पंपाचे जे ट्रॅक्टर आजही शेतात आहेत, त्यांची डिझेलची वाट जवळपास सारखीच आहे. टाकी, कॉक, वाटी (कचरा आणि पाणी साठणारी), फीड पंप, फिल्टर, डिझेल पंप (नोझलला दाबाने डिझेल देणारा), नोझल. काही इंजिनांवर लाइनचा डिझेल पंप असतो (एका ओळीत प्रत्येक सिलिंडरचा वेगळा भाग), काहींवर रोटरी (एकच फिरता भाग सगळ्यांना डिझेल वाटणारा). एअर काढायचे स्क्रू इकडे-तिकडे असतील, पण शोधायची रीत बदलत नाही. अलीकडचे ५० एचपीच्या वरचे कॉमन रेल (फार मोठ्या दाबाच्या एकाच नळीतून सगळ्या नोझलांना डिझेल देणारे) ट्रॅक्टर मात्र यात धरू नका. त्यांच्या डिझेल लाइनला घरी पाना लावायचाच नाही.

आधी लक्षणं ओळखा

बंद पडणारा प्रत्येक ट्रॅक्टर एअर धरत नसतो. पाना हातात घेण्याआधी पाच मिनिटं नुसतं बघा आणि ऐका.

हवा येत असेल तर इंजिन आधी झुलतं, मग मरतं. हातपंप, म्हणजे प्रायमर, मारून बघितला तर सुरुवातीला पोकळ लागतो. वीस-तीस वेळा मारल्यावर कुठे हाताला जोर लागायला लागतो. स्क्रू सैल केला की फेस येतो.

डिझेल अडत असेल तर रिकाम्या जागी इंजिन छान चालतं, पण नांगर जमिनीत उतरला की दम सोडतं. हातपंप दाबल्यावर वर यायला कुरकुरत असेल, कुणीतरी आत ओढून धरल्यासारखा, तर टाकीकडून येणारी वाट चोंदलेली आहे. उलट तो खाली दाबताना पहिल्यापासूनच दगडासारखा लागत असेल तर पुढचा फिल्टर बघा.

बंद पडल्यावर काहीच न करता दहा-पंधरा मिनिटं उभा ठेवला आणि आपोआप सुरू झाला, तर टाकीच्या झाकणावर संशय घ्या. हे लक्षण फार जण नजरेआड करतात.

सकाळी सुरू व्हायला त्रास आणि दिवसभर अर्ध्या सेल्फवर चालू, असं असेल तर रात्रीतून डिझेल कुठून तरी मागे सरकतंय किंवा झिरपतंय. म्हणजे गळती बारीक आहे.

डिझेलमध्ये पाणी असेल तर इंजिन फटफट करतं, पांढरा धूर सोडतं आणि वाटीच्या तळाशी गढूळ, गंजकट थर दिसतो.

आणि एक लक्षण असं की ते दिसलं तर बाकी काही बघायचंच नाही. इंजिनची ऑइल पट्टी काढा. ऑइल वरच्या खुणेच्याही वर गेलं असेल, पातळ झालं असेल, त्याला डिझेलचा वास येत असेल, तर ट्रॅक्टर सुरू करू नका. त्याबद्दल शेवटी लिहिलंय.

इतकीशी हवा इंजिन बंद का पाडते

पस्तीस एचपीच्या इंजिनात पूर्ण लोडवर एका सिलिंडरमध्ये एका वेळी जे डिझेल जातं ते साधारण एका थेंबाएवढं. तेवढा थेंब नोझलची सुई उचलून आत फवारायचा, तर दोनशे बारच्या आसपास दाब लागतो. ट्रॅक्टरच्या पुढच्या टायरमध्ये आपण जी हवा भरतो तिच्या जवळजवळ शंभरपट. डिझेल जवळपास दबत नाही, म्हणून पंपाने ढकललं की दाब लगेच तयार होतो. हवा मात्र दबते. नळीत बुडबुडा असला की पंपाचा सगळा जोर तो बुडबुडा दाबण्यात जातो आणि सुई जागची हलत नाही.

आता या वाटेचे दोन भाग मनात पक्के करा. टाकीपासून फीड पंपापर्यंत ओढीची बाजू, आणि फीड पंपापासून पुढे दाबाची बाजू. दाबाच्या बाजूला जोड सैल असेल तर डिझेल बाहेर ठिबकतं आणि डोळ्यांना दिसतं. ओढीच्या बाजूला जोड सैल असेल तर इंजिन चालू असताना बाहेरची हवा आत ओढली जाते आणि बाहेर एक थेंबही दिसत नाही. “कुठे गळत नाही हो, सगळं कोरडं आहे,” असं लोक सांगतात ते म्हणूनच. फक्त एक खूण राहते. इंजिन बंद असताना टाकीच्या उंचीमुळे त्याच जोडातून डिझेल किंचित पाझरतं आणि त्यावर धूळ चिकटून काळपट, ओलसर खपली धरते. म्हणून तपासणीच्या आदल्या दिवशी ओढीची सगळी बाजू फडक्याने पुसून ठेवा. सकाळी धूळ कुठे धरली ते बघा. निम्मे ट्रॅक्टर मला इथेच बोलले आहेत.

एक पैसा न लागणाऱ्या तपासण्या

गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकाला दगड किंवा लाकूड. सायलेन्सर थंड होऊ द्या. जवळ बिडी-काडी नको.

इंजिन बंद करायची ओढणी पूर्ण आत गेली आहे ना, ते आधी बघा. केबल गंजली की ती अर्ध्यात अडकते आणि पंप डिझेल कमी देतो. मी एकदा दुपारभर नळ्या तपासत बसलो होतो आणि दोष या केबलचा निघाला.

टाकीत डिझेल किती आहे? काटा बघू नका, झाकण उघडून काडी घाला. नांगरताना उजवं चाक नांगराच्या तासात, म्हणजे सरीत, असतं, ट्रॅक्टर एका अंगाला कलतो. डिझेल कमी असेल तर ते टाकीच्या एका कोपऱ्यात जातं आणि नळीचं तोंड उघडं पडतं. बांधावर उभा असताना ठीक आणि तासात बंद, असं होत असेल तर आधी टाकी अर्ध्याच्या वर भरा आणि मगच पुढचं बोला.

मग झाकण. त्याला हवा आत घ्यायला बारीक भोक असतं. चिखल, धूळ किंवा रंगाने ते बुजलं की डिझेल जसजसं कमी होतं तसतशी टाकीत ओढ तयार होते, आणि शेवटी फीड पंपाला डिझेल खेचताच येत नाही. एकदा आमच्या वस्तीवरचे तात्या नुसते बांधावरून ओरडले होते, “झाकण ढिलं करून चालव बघू.” झाकण फिरवलं तर सुस्सकन हवा आत गेली. बिघाड तेवढाच. झाकण हरवलं म्हणून टाकीच्या तोंडावर प्लास्टिकची पिशवी रबराने बांधलेली असते, तिथेही हाच प्रकार होतो. वर पावसाचं पाणी आणि धूळ आत जाते ती वेगळीच. नवीन झाकण आणा.

कॉक पूर्ण उघडा आहे का? जुन्या कॉकची दांडी फिरते पण आतली गुडदी फिरत नाही, असंही असतं. वाटी काढा, कचरा आणि पाणी ओता, जाळी धुवा. वाटी काचेची असेल तर तिच्या काठावरून नख फिरवा. काठाचा टवका उडालेला असेल तर रबर कितीही नवीन टाका, हवा येत राहणार. वाटीचं रबर कडक झालं असेल तर बदला आणि हातानेच आवळा. पान्याने आवळून काच तडकवलेले लोक मी पाहिले आहेत.

शेवटी धार बघायची. फीड पंपाला टाकीकडून येणारी नळी सोडा, खाली स्वच्छ कॅन धरा, कॉक उघडा. टाकी वर असल्याने डिझेल आपोआप येतं. पेन्सिलीएवढी सलग धार मिनिटभर तरी टिकली पाहिजे. आधी जोरात येऊन मग बारीक होत असेल तर झाकण काढून पुन्हा बघा. झाकण काढल्यावर सुधारली तर दोष झाकणाचा. तरीही बारीकच राहिली तर टाकीत काहीतरी तरंगतंय आणि तोंडाशी येऊन बसतंय. एका टाकीतून मी पोत्याच्या सुतळीचा गोळा काढलाय, एकीतून सुकलेलं पान. कॅनमधून डिझेल भरताना फडकं लावलं नाही की हे होतं. नळीतून टाकीच्या दिशेने सायकलच्या पंपाने हवा मारली की कचरा तात्पुरता सरकतो, पण टाकी उतरवून धुवावी लागेल हे धरून चला.

नळी तोंडाने ओढायची सवय असेल तर ती आजपासून बंद करा. डिझेल चुकून फुप्फुसात गेलं तर जिवावर बेतू शकतं. कुणाच्या पोटात गेलं तर उलटी काढायला लावू नका, दवाखान्यात न्या.

एअर काढताना नुसतं काढू नका, वाचा

पद्धत माहीत असेल तरी क्रम सांगतो. टाकी भरलेली, कॉक उघडा. पहिल्या फिल्टरच्या डोक्यावरचा स्क्रू दीड-दोन आटे सैल करा, हातपंप मारा, फेस संपून सलग डिझेल आलं की हातपंप मारता मारताच स्क्रू आवळा. मग दुसरा फिल्टर, मग डिझेल पंपावरचा स्क्रू. रोटरी पंपावर असे दोन स्क्रू असतात, खालचा आधी आणि वरचा नंतर. फीड पंप पडद्याचा (आत रबरी पडदा हलणारा) असेल आणि त्याच्या लिव्हरला काही जोरच लागत नसेल, तर आतला कॅम नेमका उचललेल्या जागी थांबलाय. इंजिन एक फेरा फिरवा आणि पुन्हा बघा. तो पंप खराब आहे असं इथेच ठरवू नका.

एवढ्यावर सुरू झाला नाही तर नोझलकडच्या बाजूने एक-दोन नळ्यांचे नट एक आटा सैल करून सेल्फ मारा. एका वेळी दहा-पंधरा सेकंदांच्या वर नको, मध्ये मिनिटभर थांबा, नाहीतर सेल्फ आणि बॅटरी दोन्ही जातील. तोंड आणि हात लांब. इथला दाब चामडी फोडून डिझेल आत घालू शकतो. अशी जखम टाचणी टोचल्यासारखी बारीक दिसते, दुखतही नाही सुरुवातीला, पण काही तासांत बोट किंवा हात गमवायची वेळ येते. असं झालंच तर घरगुती मलम न लावता थेट मोठ्या दवाखान्यात जा आणि डॉक्टरांना “दाबाखालचं डिझेल कातडीत गेलंय” हे स्पष्ट सांगा.

आता वाचायचं काय ते सांगतो. एअर एकदा पूर्ण काढा, इंजिन दहा मिनिटं चालवा, बंद करा आणि पहिल्या फिल्टरचा स्क्रू पुन्हा सैल करा. पुन्हा फेस आला तर हवा अजून येतेच आहे, आणि ती ओढीच्या बाजूने येतेय. फेस आला नाही, डिझेल स्वच्छ आहे, तरीही इंजिन झुलतंय, तर बिघाड एअरचा नाहीच. गव्हर्नर (इंजिनचा वेग सांभाळणारा भाग), नोझल किंवा डिझेल पंप यांच्याकडे बघावं लागेल, म्हणजे ते काम आपलं नाही. ही दहा मिनिटांची परीक्षा लोक करत नाहीत आणि मग आठवडाभर अंदाजाने पार्ट बदलत राहतात.

ग्रीसचा उपाय आणि तांब्याचे वायसर

ओढीच्या बाजूला हवा येतेय हे ठरलं, पण जोड चार-पाच आहेत. इंजिन चालू ठेवा आणि एकेका जोडाभोवती घट्ट ग्रीसचा जाड थर लिंपा. एक लिंपला की दोन-तीन मिनिटं थांबा. ज्या जोडावर ग्रीस लागल्यावर झुलणं कमी होईल तो जोड चोर. ग्रीस आत ओढलं जाऊन खड्डा पडलेलाही दिसतो. पंख्याचा पट्टा जवळ असतो, सदऱ्याची बाही आणि गळ्यातला गमछा आवरून मगच हात घाला.

बहुतेक वेळा चोर असतो तो बँजो बोल्टचा, म्हणजे नळीच्या गोल टोकातून जाणाऱ्या पोकळ बोल्टचा, वायसर. बोल्टच्या दोन्ही बाजूंना तांब्याचा एकेक वायसर लागतो. दरवेळी फिल्टर बदलताना तेच जुने वायसर पुन्हा बसवले जातात. तांबं दाबलं गेलं की कडक होतं, आणि कडक तांबं जोडाच्या खाचांत भरत नाही. मग माणूस आणखी जोर लावून आवळतो, बोल्टचे आटे जातात, आणि दहा-वीस रुपयांचं काम पंपाच्या बॉडीपर्यंत पोचतं.

नवे वायसर घेताना जुना सोबत न्या, नुसत्या नजरेच्या मापाने घेऊ नका. रात्रीची वेळ असेल, दुकान बंद असेल तर जुना वायसर ट्रॅक्टरपासून लांब चुलीवर लाल करा आणि पाण्यात टाका. तांबं पुन्हा मऊ होतं. वरची काळी पापडी बारीक कागदाने घासून बसवा. मी असा बसवलेला वायसर पुढच्या सर्व्हिसपर्यंत टिकलाय. ॲल्युमिनियमचा वायसर असेल तर हे करू नका, तो वितळेल.

बँजोला टेफ्लॉन टेप किंवा सुतळी गुंडाळू नका. बँजो आट्यांवर नाही तर वायसरच्या चेहऱ्यावर बंद होतो, त्यामुळे टेपचा उपयोग शून्य, आणि तिचे तुकडे पंपात जातात. एम-सील, साबण यांचंही तेच. टाकीच्या पत्र्याला चीर गेली तर घरी पोचेपर्यंत साबण ठीक आहे, जोडावर नाही.

नळी

रबरी नळी वरून चांगली दिसते. ती क्लिपजवळ वाकवून बघा. चिरा तिथेच असतात. क्लिपऐवजी बाइंडिंग वायर पिळलेली असेल तर ती काढाच. तार एका रेषेत रुतते, नळी कापते आणि गोलाई पूर्ण दाबत नाही. फवारणी पंपाची प्लास्टिकची पारदर्शक नळी डिझेलमध्ये काही महिन्यांत कडक होऊन टोकाला सैल पडते. तपासणीपुरती ती उत्तम, कायमची नको. डिझेलसाठीचीच नळी मागून घ्या.

लोखंडी नळीचं प्रकरण जास्त फसवं. आमच्याच ट्रॅक्टरची गोष्ट सांगतो. रब्बीची पेरणी होती, परतीचा पाऊस उशिरा थांबलेला. काळ्या रानाला वाफसा येतो तो चार दिवसांचा असतो, मग ढेकळं होतात. त्या चार दिवसांत ट्रॅक्टर तासाला एकदा बंद पडत होता. आबा पाभरीजवळ उभे, मी खाली पाना घेऊन. मिस्त्रींना बोलावलं, त्यांनी दोन्ही फिल्टर बदलले. फरक नाही. मग डिझेल पंप उतरवून तालुक्याला नेला. दोन दिवस आणि हरभऱ्याच्या बियाण्याएवढे पैसे गेले. पंप बसवला, सुरू झाला, आणि दीड तासाने पुन्हा बंद. शेवटी मी नळी पूर्ण सोडून हातात घेतली. इंजिनच्या अंगाला जिथे पट्टीने आवळलेली असते तिथे, पट्टीच्या खालीच, हादऱ्याने घासून सुईच्या टोकाएवढं भोक पडलं होतं. वरून पट्टी असल्याने ते दिसणं शक्यच नव्हतं. वाफसा गेला, तीन एकर रान त्या वर्षी उशिरा पेरावं लागलं.

तेव्हापासून मी कोणाच्याही ट्रॅक्टरवर नळीच्या पट्ट्या सोडल्याशिवाय “नळी चांगली आहे” असं म्हणत नाही. भोक पडलेली लोखंडी नळी वेल्डिंगने भरू नका, आत खपल्या राहतात. नवी घ्या, आणि पट्टीखाली रबराचा तुकडा घाला.

कॅन टांगून परीक्षा

ही माझी सगळ्यात आवडती परीक्षा, कारण हिच्यात अंदाजाला जागा नाही. पाच लिटरचा स्वच्छ कॅन डिझेल भरून फीड पंपापेक्षा उंच, पक्का बांधा. सायलेन्सर आणि पंख्यापासून लांब. कॅनमधून पारदर्शक नळी थेट फीड पंपाच्या तोंडाला लावा. कॅनचं झाकण सैल ठेवा. म्हणजे ट्रॅक्टरची टाकी, कॉक, वाटी, नळी सगळं वाटेतून बाजूला झालं. एअर काढा आणि उभ्या ट्रॅक्टरवर अर्धा-पाऊण तास अर्ध्या रेसवर इंजिन चालवा. परतीची नळी टाकीकडेच जात राहील, त्यामुळे कॅनवर लक्ष ठेवा, तो रिकामा होऊ देऊ नका.

इंजिन एकदाही झुललं नाही, तर दोष टाकी ते फीड पंप यातच आहे आणि तो तुमच्या हाताने निघणारा आहे. वर लिहिलेलं पुन्हा एकदा शांतपणे करा. कॅनवरही बंद पडलं तर पारदर्शक नळीकडे बघा. नळीत बुडबुडे नाहीत, तरी फिल्टरला फेस येतोय, म्हणजे हवा फीड पंपातच शिरतेय.

फीड पंप, फिल्टर आणि परतीचा वॉल्व्ह

फीड पंपावरचा हातपंप वापरून झाल्यावर त्याची मूठ पूर्ण खाली फिरवून आवळायची असते. ती सैल राहिली किंवा आतलं रबर गेलं तर तिथून हवा येते. मुठीभोवती ओल दिसली की हातपंप बदला, तो सुटा मिळतो. पंपाच्या आत दोन छोटे वॉल्व्ह आणि स्प्रिंगा असतात. वॉल्व्हखाली कचऱ्याचा कण अडकला की डिझेल पुढे न जाता मागे-पुढे हलत राहतं. स्वच्छ हात आणि स्वच्छ ताट असेल तर ते खोलून धुता येतात. कुठला वॉल्व्ह कुठे होता त्याचा मोबाइलवर फोटो काढून मगच सोडा.

फिल्टर बंद झाले तर ताकद कमी होते, पण एअरचं कारण क्वचितच तेच असतात. अपवाद एकच: एलिमेंट (फिल्टरची आतली गाळणी) बदलताना जुनं गोल रबर डोक्याला चिकटून राहतं आणि त्यावर नवं बसतं. दोन रबरं कधीच नीट बंद होत नाहीत. बोट फिरवून जुनं निघालंय का ते बघा. दोन फिल्टर असतील तर त्यांची अदलाबदल होऊ देऊ नका, जाड गाळणारा आधी आणि बारीक गाळणारा नंतर.

परतीच्या वाटेवर एक वॉल्व्ह असतो, तो आत थोडा दाब धरून ठेवतो. त्याची स्प्रिंग दमली किंवा कुणी त्याच्या जागी साधा बोल्ट लावला, तर इंजिन सकाळी त्रास देतं. वर सांगितलेलं रात्रीतून डिझेल मागे सरकणं ते हेच. वॉल्व्ह नवा घ्या, दुरुस्त करत बसू नका.

इथे हात थांबवा आणि माणूस बोलवा

ऑइलमध्ये डिझेल आलं असेल तर ट्रॅक्टर जागेवरच ठेवा. पडद्याचा फीड पंप असेल तर पडदा फाटून डिझेल इंजिनच्या ऑइल चेंबरमध्ये जातं. लाइनच्या पंपातूनही सील गेल्यावर जाऊ शकतं. पातळ ऑइलवर बेअरिंग जळतात. आणि पातळी फार वाढली तर इंजिन तेच ऑइल-डिझेल ओढून स्वतःच्या जोरावर पळत सुटतं, ओढणी ओढूनही बंद होत नाही. असं झालंच तर लांब उभं राहून हवेच्या तोंडावर सपाट लाकडी फळी दाबा. हात नको, फडकं नको, ते आत ओढलं जातं. मग मिस्त्री येईपर्यंत कुणालाही किल्ली लावू देऊ नका.

डिझेल पंपाचं सील तोडू नका, त्याच्या बाजूचं झाकण उघडून आतले स्क्रू फिरवू नका. आतले भाग केसापेक्षा कितीतरी बारीक अंतरावर बसवलेले असतात, धुळीच्या कणाने ते कायमचे खरवडतात. त्यांची मापं मशीनवर लावल्याशिवाय समजत नाहीत. नोझलचंही तसंच. फवारा बघायला इंजिनच्या बाहेर नोझल धरून सेल्फ मारण्याची पद्धत आमच्याकडे अजून आहे. ती जिवावर बेतणारी आहे, पंप-नोझलवाल्याकडे हातमशीन असतं, तिथेच तपासा.

कॅनच्या परीक्षेत, फीड पंप धुऊनही, ट्रॅक्टर बंद पडला तर तुमचं काम संपलं. खडखड ठोका येत असेल, काळा धूर थांबत नसेल किंवा एअर काढताना एखाद्या नोझलच्या नळीला डिझेल पोचतच नसेल, तरीही बोलवा. पण बोलावताना त्यांना हे सांगा: किती वेळाने बंद पडतो, झुलून पडतो की एकदम, फेस कुठल्या स्क्रूला येतो, कॅनवर किती वेळ चालला. एवढं सांगितलं की चांगला मिस्त्री सरळ मुद्द्याला हात घालतो. आणि हे न ऐकताच “पंप उतरवावा लागेल” म्हणणारा असेल, तर दुसरा बघा.

आमच्या घरी खंडेनवमीच्या आदल्या दिवशी ट्रॅक्टर धुतो. धुताना टाकीच्या झाकणावर आणि फीड पंपावर प्लास्टिक बांधतो, प्रेशरचं पाणी झाकणाच्या भोकातून टाकीत जातं म्हणून. त्याच दिवशी वाटी साफ, ओढीच्या बाजूचे सगळे वायसर नवे, रबरी नळी बघून गरज असेल तर बदल, झाकणाच्या भोकात बारीक तार. टूलबॉक्समध्ये सहा वायसर, हातभर डिझेलची नळी, दोन क्लिपा आणि एक वाटीचं रबर कायम असतं. पुढे रब्बीची पेरणी असते.